तिथं कोणालाही घेतात

आमच्या गावात सकाळी साडेनऊला दोन गोष्टी होतात. माझ्या जावेच्या कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन येते आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कोणी मला मोठ्या मनाची समजायचं. मी अंगणवाडी सेविका आहे. गावातली आणि नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यातली सगळी लहान लेकरं माझ्या पटावर असतात, निदान कागदावर तरी. आणि माझी स्वतःची नात, मुलाची मुलगी, गळ्यात टाय बांधून माझ्याच घरासमोरून त्या व्हॅनमध्ये चढते आणि मला टाटा करते.

पिकतं तिथं विकत नाही, हे मी रोज साडेनऊला बघते.

सुनेला एकदा विचारलं होतं, की घरातच अंगणवाडी असताना पोरगी तिकडे का? तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती म्हणाली, "आई, तुमच्याकडची खिचडी लय चांगली असते. पण तिथी इंग्लिश शिकवतात." बरं, खिचडी करते मदतनीस. म्हणजे एक कौतुक झालं तेही माझं नव्हतं.

जाऊ माझ्या धाकट्या दिराची बायको. माझ्याहून बरीच लहान आणि वणीची. माहेरच्या दारावरून कोळशाचे ट्रक जाता-येताना बघत मोठी झालेली. त्यामुळे कुठली गाडी भरून चालली आणि कुठली रिकामी, हे तिला लांबूनच कळतं. दिराच्या घराची पुढची मोठी खोली, जिथं आम्ही सगळे मिळून हंगामाचा कापूस साठवायचो, ती तिने रिकामी करून घेतली, भिंतीवर सफरचंद आणि हत्ती काढून घेतले आणि बोर्ड लावला. आमच्याकडे टाय असलेल्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. पहिल्या वर्षी सात लेकरं आली तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. तिसऱ्या वर्षी व्हॅन आली, आणि ती पांढरकवड्याच्या रस्त्यावरच्या चार गावांची लेकरं आणायला लागली. मग मी हसणं बंद केलं.

माझी अंगणवाडी म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली. पावसाळ्यात तिच्या दोन कोपऱ्यांत बादल्या ठेवाव्या लागतात. वजनकाटा आला तो सेलशिवाय. सरकारने दिलेला मोबाईल हजेरीचा फोटो काढताना असा अडकून बसतो, की तोवर अर्धी लेकरं उठून पळालेली असतात. घरी न्यायच्या आहाराची पाकिटं गावातल्या म्हशी आवडीने खातात. छताचं मी तीनदा लिहून कळवलं, उत्तर नाही. जावेला एखाद्या आईने फोन केला तर ती तिसऱ्या रिंगला उचलते. या बाबतीत माझं तिच्याशी भांडण नाही. तिसऱ्या रिंगला फोन उचलणारं सरकार मलाही हवं आहे.

भांडण दिराशी होतं. गेल्या दिवाळीच्या आधी ओसरीवर बसून ते मोबाईलवर कोणाचं तरी भाषण ऐकत होते. ऐकून झालं तसं म्हणाले, "वहिनी, सरकार ना कंपनीवानी चालवलं पाह्यजे. ज्या दुकानात गिऱ्हाईक नाही थे बंद. जे चालून राह्यलं थे वाढवा. पाहा मंग कसं सुधरते सारं."

माझे मालक कापसाच्या गाठोड्याचं फडकं शिवत बसले होते. मान वर न करता ते बोलले, "दुकानदारानं शटर पाडलं तं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. सरकारनं पाडलं तं कुठी जाईन?"

"दादा, तुमचा जमाना गेला आता."

"गेला असन. मी काय त्याले धरून ठेवलं?"

मला दोघांचाही राग आला. दिराचा आला, कारण बंद करायचं दुकान म्हणताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं होतं. आणि मालकांचा आला, कारण ते सरकारच्या बाजूने बोलले, माझ्या बाजूने नाही.

त्याच महिन्यात नव्या सुपरवायझर मॅडम आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, कुठलंसं मोठं प्रशिक्षण करून आलेल्या. पट बघितला, रिकामी चटई बघितली आणि म्हणाल्या, "ताई, पालक हा आपला ग्राहक आहे. तो कुठे चाललाय आणि का चाललाय, याचा अभ्यास करायला हवा." मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं, की कमी लेकरांच्या अंगणवाड्या शेजारच्या गावाला जोडायच्या असं वर बोललं जातंय. "तुमचं नाव त्या यादीत येऊ नये असं मला मनापासून वाटतं. इथे जवळच एक कॉन्व्हेंट आहे ना? एकदा जाऊन बघून या, त्या बाई कशा चालवतात ते."

त्या बाई माझ्या कोण, हे मॅडमला माहीत नव्हतं. मागे तांदूळ निवडत बसलेली मदतनीस पदर तोंडाला लावून हसली.

शेजारचं गाव म्हणजे हमरस्त्याच्या पलीकडे. तिथं तांड्यातली तीन वर्षांची लेकरं कशी जाणार, हा विचार माझ्या मनात आला. पण खरं सांगायचं तर तो दुसरा आला. पहिला आला तो असा, की माझी खोली बंद झाली तर जाऊ तीही भाड्याने मागेल.

गेले. सरकारी साडी नेसूनच गेले, म्हणजे कामानिमित्त आले आहे हे दिसावं. जाऊ खुर्चीवरून उठली आणि मला तिच्या खुर्चीवर बसवलं. थंड पाण्याची बाटली आली, बशीतून बिस्किटं आली. "ताई, बरं झालं तुम्ही आल्या," म्हणाली, आणि तिने सगळं दाखवलं. रंगांचे दिवस, फळांचे दिवस, चपलांच्या ओळी, आयांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. काहीही लपवलं नाही. लपवलं असतं तर मला थोडं बरं वाटलं असतं.

"लेकरं एवढी शांत कशी बसतात गं?" मी विचारलं.

"नाही बसत त्यायले घेतच नाही, ताई." ती सहज बोलली. "आधी पंधरा मिनिटं बसवून पाहतो मी. जे बसते थे घेतो. जे नाही बसत त्याच्या मायले गोडीत सांगतो, पुढच्या वर्षी आणा. एक रडते तं दहा रडतात. मंग दहा मायांचे फोन."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी कोणी येत नाही," ती हसून म्हणाली.

दिवाळीनंतर मी कामाला लागले. माझ्या लग्नातला शालू कापून पडदे केले. दाराशी गेरूने चपलांचे चौकोन आखले. घुंगरांची एक घंटी आणली. लाल रंगाचा दिवस केला, मग पिवळ्याचा. आया दारात उभं राहून फोटो काढायला लागल्या. घरी ठेवलेली चार लेकरं परत आली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी जावेच्या ग्रुपवरचे फोटो आणि माझे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघायची. तिचे हत्ती माझ्याकडे नव्हते, पण पडदे माझे भारी होते.

एकच अडचण होती. तांड्यातली एक मुलगी, चार वर्षांची. ती बोलत नसे. आमची मराठी नाही आणि तिच्या घरची गोरबोलीही नाही. घंटी वाजली की कानांवर हात दाबून ओरडायची. चटई ओली करायची. आणि फोटो काढताना बरोबर मधोमध येऊन पाठ करून बसायची. तिची आई मजुरीने कापूस वेचायला जायची. सकाळी पोरीला मदतनीसच्या हवाली केलं की ती वावराकडे पळायची. मदतनीस त्याच तांड्यातली. माझ्याहून वयाने मोठी, चौथी शिकलेली, माझ्या मानधनाच्या निम्म्या मानधनावर काम करणारी. ती "आव छोरी, आव" म्हणून त्या मुलीला चुलीजवळ घेऊन बसायची, आणि तेवढा वेळ मुलगी गप्प असायची.

मॅडम पुन्हा येणार असं कळलं, त्या दिवशी मी मदतनीसला म्हटलं, "आज तिला आणू नका."

भेट इतकी छान झाली की काय सांगू. लेकरं ओळीत बसली, हात जोडून नमस्ते म्हणाली. मॅडमनी फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. खाली किती अंगठे आले! जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगणवाडीला अंगठे आले. "ताई, हेच तर मी म्हणत होते," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती आई पोरीला घेऊन दारात उभी. मी बाहेर गेले आणि गोडीत सांगितलं, "काही दिवस घरीच राहू द्या. जरा समजायला लागली की पुढच्या वर्षी आणा."

जावेचं वाक्य माझ्या तोंडातून निघालं आणि ते मला शोभलं, असं तेव्हा वाटलं. अंगणवाडीतून लेकरू परत पाठवतात हे त्या बाईने कधी ऐकलं नसावं. पोरीला कडेवर घेऊन ती निघून गेली.

त्यानंतर मदतनीसची एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दुपारी घरी जाताना ती झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन जायला लागली. डब्यात खिचडी असणार हे कळायला काही शिकावं लागत नाही. मी मनात म्हटलं, नातवंडांना नेत असेल, हिचाही हात लांब झाला. तिला मी हटकलं नाही. एखाद्या दिवशी कामी येईल म्हणून ती गोष्ट मनात ठेवून दिली.

डिसेंबरात जावेच्या शाळेचा फॅन्सी ड्रेस होता. तिने मला परीक्षक केलं. आदल्या दिवशी स्वतः घरी येऊन म्हणाली, "ताई, तुमच्याइतकी लेकरं कोणी पाह्यली हायेत?" मी नको नको म्हटलं आणि इस्त्रीची साडी काढून ठेवली. मांडवात माझ्यासाठी मागे रिबीन बांधलेली खुर्ची होती. समोर सगळं गाव, आणि पांढरकवड्याहून गाड्यांवर आलेले पालक. चिमुकले शेतकरी आले, डॉक्टर आले, एक पोलीस आला तो टोपी डोळ्यांवर आल्यामुळे खांबाला धडकला.

मग माझी नात आली. डोळ्याला गॉगल, खांद्याला पर्स, कानाला मोबाईल. माइकवर म्हणाली, "मी आमची मॅडम आहे." सगळे खळखळून हसले. जाऊ तर डोळे पुसत होती. माझी नात, मी न्हाऊमाखू घातलेली, आणि तिला मोठेपणी कोण व्हायचं तर जाऊ. मी दहापैकी सहा गुण दिले. सून त्यानंतर आठ दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होती.

त्याच वेळी फाटकाशी ती तांड्यातली आई दिसली. कडेवर मुलगी. मुलगी माइकच्या आवाजाने कान दाबून रडत होती. कार्यक्रम आहे हे त्या बाईला ठाऊक नसणार. ती तशीच लोकांमधून वाट काढत जावेपुढे आली.

"मॅडम, हिले घ्या ना तुमच्या शाळेत," ती म्हणाली. "फी देतो मी. वावरात नेतो तं कापसाच्या तासातून पळते. लुगड्यानं झाडाले बांधून ठेवा लागते हिले, तवा कापूस येचता येते."

जावेने मुलीकडे एकदा बघितलं. पंधरा मिनिटं लागली नाहीत. मग ती गोडीत म्हणाली, "अवो, फी कायले देता? हिले अंगणवाडीत न्या. आमच्या ताई पाहा अठीच बसल्या हायेत. तिथी कोणालेही घेतात."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मला तिचा आवाज माहीत आहे. अभिमानाने म्हटलं होतं, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. पुढच्या दोन रांगांनी वळून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. आणि त्या बाईनेही पाहिलं.

"तिथूनच आलो," ती म्हणाली. तक्रार केल्यासारखं नाही, पत्ता सांगितल्यासारखं. "त्यायनंच सांगतलं, पुढच्या वर्षी आणा म्हणून."

जावेने आपलं वाक्य ओळखलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मग एका खुर्चीवरची पर्स उचलत ती त्या बाईला म्हणाली, "बसा तुम्ही. आज गडबड हाये. लाडू खाऊन जा." तिने मला वाचवलं. तिने चारचौघांत माझा पाणउतारा केला असता तर मी तिच्यावर जन्मभर राग धरून सुखाने जगले असते. तेवढंही तिने मला मिळू दिलं नाही.

मी उठले. गुणांचा कागद खुर्चीवर ठेवला, त्या बाईकडे गेले आणि हात पुढे केले. "द्या इकडे," म्हटलं. "तुम्ही जा वावरात. मी नेते हिला."

ती द्यायला तयार नव्हती. तिचं काय चुकलं? मी पुन्हा म्हटलं, "माझी चूक झाली. द्या." हे मी हळू म्हटलं, पण माइक जवळच होता, त्यामुळे मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं.

कॉन्व्हेंटपासून अंगणवाडी फार लांब नाही. पण त्या दिवशी संपूर्ण गाव दारात उभं होतं असं मला वाटलं. मुलगी ओरडत होती, तिने माझ्या दंडाला चावा घेतला, आणि पाराजवळ माझी इस्त्रीची साडी कंबरेपासून खाली ओली झाली. चालताना माझ्या मनात मालकांचं ते गाठोडं शिवताना बोललेलं वाक्य घोळत होतं. कुठी जाईन? ही बाई कुठी गेली, तर जावेकडे फी द्यायला गेली. दुकानाला 'बंद'ची पाटी फिरवता येते, त्यात काही पाप नाही. जावेच्या पाटीत पाप नाही. पण पाटी फिरवायला निघालेली मी दुकानदारीण नव्हते. माझ्या दारातून परत गेलेल्या लेकराला पुढे एक झाड होतं आणि एक लुगडं.

आणि चालता चालता मला आणखी एक कळलं. इतकी वर्षं लेकरं उचलून उचलून माझ्या कडेला वजन कळतं; सेल नसलेल्या काट्यापेक्षा बरं कळतं. ही मुलगी दंड मोजायच्या पट्टीवर नेहमी पिवळ्या रंगात, म्हणजे कुपोषणाच्या उंबरठ्यावर, यायची. महिनाभर घरी राहिल्यावर ती उतरलेली असणार, असं मी धरून चालले होते. ती उतरलेली नव्हती. उलट जराशी भरली होती.

अंगणवाडीत मदतनीस भांडी घासत होती. तिने मला पाहिलं, माझी साडी पाहिली, आणि काही न विचारता हात धुऊन पोतं अंथरलं. मुलगी माझ्या कडेवरून घसरून सरळ तिच्याकडे गेली. भांड्यांच्या शेजारी तो झाकणाचा डबा भरून ठेवलेला होता. तिने तो उघडला आणि मुलीपुढे ठेवला.

मी डब्याकडे बोट केलं. "रोज हिलाच नेत होता?"

"व्हय बाई. वावर जवळच हाये, झाडापाशी नेऊन चारत होतो."

"मला का नाही सांगितलं?"

तिने मुलीचं नाक आपल्या पदराने पुसलं. "तुमी म्हटलं, हिले अठी आणू नका. नाही आणलं. खाऊ घालू नका असं तं तुमी म्हटलं नव्हतं."

जावेचा हेवा मी कितीतरी वर्षं केला, आणि तिची व्हॅन आली की माझं पोट अजूनही दुखतं, ते काही थांबलेलं नाही. यादी अजून आलेली नाही, आली तर येईल. पण त्या दुपारी, ओल्या साडीत दाराशी उभी असताना, मला जाऊ आठवली नाही. मला हेवा वाटला तो चौथी शिकलेल्या, माझ्या निम्म्या मानधनाच्या त्या बाईचा, आणि तो इतका वाटला की मला तिथं उभं राहवेना. मुलगी तिच्या मांडीवर चढून बसली आणि माझ्याकडे पाठ करून खायला लागली.